'वापरात नसलेली दफनभूमी' म्हणजे नेमकं काय? इझाबेला होम्स भंडाऱ्यातून वाचताना

पेट पास झाल्यावर विषय शोधण्याचे जे दोन-चार महिने असतात, त्यात 'शहरातल्या पडीक सार्वजनिक जागांचा पुनर्वापर' हा विषय एकदा तरी समोर येतोच. आर्किटेक्चर, भूगोल, समाजशास्त्र, लोकप्रशासन, कुठल्याही विभागात तो बसतो. गाईडना आवडतो. फोटो चांगले येतात. त्यातला एक उपविषय म्हणजे जुन्या ख्रिस्ती दफनभूमीचं किंवा चर्चच्या आवाराचं बागेत, खेळाच्या मैदानात, लोकांच्या बसण्या-उठण्याच्या जागेत रूपांतर. तुम्ही शोधायला बसलात की पहिल्या तासाभरात लंडन सापडतं, आणि लंडनचं साहित्य उलगडत मागे गेलात की एका पुस्तकाशी येऊन थांबता: मिसेस बेसिल होम्स यांचं 'द लंडन बरिअल ग्राउंड्स', १८९६. लेखिकेचं स्वतःचं नाव इझाबेला होम्स. मुखपृष्ठावर त्या काळच्या रीतीप्रमाणे नवऱ्याचं.

हे पुस्तक चांगलं आहे. त्याचा जो वापर आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये होतो, तो मात्र वाईट आहे. 'लंडनमध्ये १८८० पासून हे होतंय, म्हणून आपल्या जिल्ह्यातही व्हावं' असं एक वाक्य लिहून पुढे जायचं, हा तो वापर. तुम्ही हा विषय घेणार असाल तर त्या वाक्याच्या आधी थांबावं म्हणून मी लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५० च्या दशकात इंग्लंडच्या संसदेनं दफनाबद्दलचे कायदे करून लंडनच्या वस्तीतली चर्चची आवारं नव्या दफनासाठी बंद करत आणली. ती इतकी भरली होती की पुरायला जागा उरली नव्हती, आणि कॉलरा तर पाठ सोडत नव्हता. मग गावाबाहेर मोठ्या दफनभूमी झाल्या आणि वस्तीतली आवारं कुलूप लावून पडून राहिली. ऑक्टेव्हिया हिल यांनी १८७० च्या दशकात मांडलं की गरिबांच्या खोल्या कोंदट आहेत, त्यांना उघड्यावरच्या बैठकीच्या खोल्या हव्यात, आणि ही आवारं त्यासाठी तयारच आहेत. १८८२ मध्ये मेट्रोपॉलिटन पब्लिक गार्डन्स असोसिएशन निघाली. १८८४ च्या कायद्यानं बंद दफनभूमीवर इमारत बांधायला बंदी आली. अपवाद फक्त चर्चच्या विस्ताराचा. म्हणजे जागा विकताही येईना आणि पुरताही येईना. बाग करणं हाच सोपा मार्ग उरला. दफनबंदीचे कायदे आधी आणि बागा नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. आपल्याकडचे लेख तो उलटा करतात.

होम्स या असोसिएशनशी जोडलेल्या होत्या. त्यांनी काय केलं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं वाचावं, विषय कोणताही असो. जॉन रोक याचा १७४६ चा लंडनचा मोठा नकाशा त्यांनी घेतला आणि त्यांच्या काळातल्या सर्व्हेच्या नकाशाशी ताडून पाहिला. जुन्या नकाशावर दफनभूमी आहे, नव्यावर नाही, अशी प्रत्येक जागा त्यांनी टिपली, आणि मग त्या प्रत्येक जागी स्वतः गेल्या. कारखान्यांच्या मागच्या अंगणात, गोदामांत, गल्लीबोळांत. १८९५ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलनं त्यांच्याकडूनच अधिकृत यादी करून घेतली. साडेतीनशेहून जास्त जागा निघाल्या. त्यातल्या नव्वदेक तोवर बागा किंवा मैदानं झालेल्या होत्या, चाळीसेक अजून वापरात होत्या, आणि बाकीच्यांचं जे झालं होतं ते यादीत एकेका ओळीत लिहिलंय: कुणाचं अंगण, कुणाचा लाकडाचा अड्डा, कुणाचं काहीच नाही.

नुसत्या वाचनानं हे झालं नसतं, आणि नकाशा न बघता फिरूनही झालं नसतं. 'कागदावर आहे, जमिनीवर दिसत नाही' ही फट त्यांनी पकडली आणि तिच्यावर पुस्तक उभं केलं. आपल्यातले बरेच जण वर्षभर साहित्याचा आढावा लिहितात आणि फील्डवर्कला शेवटचे तीन महिने ठेवतात. होम्सबाईंकडे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी चालत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार शब्दाची आहे. होम्स यांच्या पुस्तकात, आणि ज्या कायद्याच्या छत्राखाली ते लिहिलं गेलं त्या कायद्यात, 'वापरात नसलेली' म्हणजे नवीन दफन होत नाही अशी. एवढाच अर्थ. दफनभूमीचा वापर म्हणजे दफन, असं समीकरण. लंडनच्या नोकरशाहीला ते पुरेसं होतं, पण तुमच्या फील्डवर ते लागू पडतं का? २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबं थडगी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. ईस्टरला कित्येक ठिकाणी पहाटेची उपासना दफनभूमीतच होते. वर्षातले दोन दिवस भरणारी जागा वापरात आहे की नाही? तुम्ही जूनमध्ये पाहणीला गेलात तर गवत कमरेइतकं आणि माणूस एकही नाही. 'पडीक' असं लिहून तुम्ही परत याल, आणि आकडा म्हणून तो प्रबंधात कायमचा बसेल. निरीक्षण खरंच असतं, तरी निष्कर्ष चुकतो. पाहणीचा दिवस निवडणं हीसुद्धा पद्धतीचीच बाब आहे, हे मेथडॉलॉजीच्या पेपरात कुणी विचारत नाही.

दुसरी तक्रार भूमिकेची. होम्स एकाच वेळी संशोधक आणि चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. यात लाजण्यासारखं काही नाही. अनेक उत्तम अभ्यास असेच झालेत. पण त्यामुळे पुस्तकाचं उत्तर प्रश्नाच्या आधी ठरलेलं आहे: जागा मिळाली की तिची बाग व्हावी. बाग झाल्यावर तिथं कोण बसतं, कुणाला राखणदार हाकलतो, ज्यांची माणसं खाली आहेत त्यांना काय वाटतं, हे त्यांच्या यादीच्या रकान्यांत मावत नाही. रकाने आहेत क्षेत्रफळाचे आणि सद्यस्थितीचे. तुम्ही जी यादी करता तिचे रकाने तुमचा सिद्धांत असतात, मग तुम्ही सिद्धांताचं वेगळं प्रकरण लिहा किंवा लिहू नका.

थडग्यांचे दगड उचलून भिंतीशी ओळीनं लावायचे आणि मधे हिरवळ करायची, ही लंडनची तेव्हाची नेहमीची पद्धत. यावरून एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या कामाची आहे. सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात एक ॲशचं झाड होतं, त्याच्या बुंध्याभोवती शेकडो थडग्यांचे दगड किरणांसारखे रचलेले. सांगत असत की कादंबरीकार थॉमस हार्डी तरुणपणी आर्किटेक्टच्या हाताखाली काम करत असताना, १८६० च्या दशकात, रेल्वेसाठी इथली थडगी हलवली गेली. त्या कामावर देखरेख त्याची होती, आणि दगड त्यानंच झाडाभोवती रचले. हार्डी त्या कामावर होता हे खरं. पण दगडांचा ढीग दाखवणारी जुनी चित्रं आणि फोटो तपासले गेले तेव्हा त्यात झाड नव्हतं. ढीग आधीचा, झाड विसाव्या शतकातलं. दगडांच्या फटीत उगवून वाढलेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ते झाड पडलं आणि जगभरच्या बातम्यांत पुन्हा जुनी गोष्टच छापून आली. पुनर्विकास झालेल्या जागेला अशी एक गोड गोष्ट लवकर चिकटते. ती जागेचा इतिहास सांगत नाही, बागेची जाहिरात करते. आणि खाली कोण होतं, हा प्रश्न झाडाच्या सावलीत जातो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात या रूपांतराचं सगळ्यांत ठळक उदाहरण मुंबईत आहे, आणि रोज हजारो माणसं लोकलमधून त्याच्या शेजारून जातात. इंग्रजांची मुंबईतली पहिली दफनभूमी मेंढम्स पॉइंटला, आजच्या कुलाब्याच्या तोंडाशी होती. तिथं पहिला पुरला गेला त्या माणसाचंच नाव त्या टोकाला पडलं, असं १६७० च्या दशकातला प्रवासी जॉन फ्रायर सांगतो. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर किल्ल्याच्या संरक्षणासाठी ती जागा मोकळी करण्यात आली आणि दफनं गिरगावाकडे, सोनापुरात गेली. समुद्राला लागून असलेल्या त्या पट्ट्यात हिंदूंची स्मशानं, मुसलमानांचं कब्रस्तान आणि युरोपियनांची दफनभूमी शेजारी शेजारी. 'सोनापूर' या शब्दाला मराठीत जो अर्थ चिकटला तो इथूनच. 'सोनापूरला गेला' म्हटलं की पुढं काही विचारायचं नसे.

१८६० च्या दशकात मुंबई फुगली, सोनापूर अपुरं पडलं, आणि आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना शिवडीला नवी ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. शिवडीची ती जागा आधी काय होती? अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतिबाग. ती बाग उठून भायखळ्याला गेली, म्हणजे आपली राणीची बाग. आणि सोनापूरच्या युरोपीय दफनभूमीच्या जागी आज स. का. पाटील उद्यान आहे. एकीकडे बागेची दफनभूमी झाली, दुसरीकडे दफनभूमीची बाग. तुमच्या मनात 'बाग म्हणजे प्रगती आणि दफनभूमी म्हणजे अडगळ' असा सरळ रस्ता असेल, तर मुंबईच्या कागदांत तो तुम्हाला दोन्ही दिशांनी वाहताना दिसेल. शहराला ज्या दशकात ज्याची टंचाई, त्या दशकात ती गोष्ट 'सार्वजनिक हिताची'.

सोनापुरातून एक माणूस परत गेला. व्हिक्टर जाकमाँ हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ डिसेंबर १८३२ मध्ये मुंबईत वारला, सोनापुरात पुरला गेला, आणि १८८१ मध्ये त्याचे अवशेष उकरून पॅरिसला नेण्यात आले. त्याच्यामागे एक देश होता, एक संग्रहालय होतं, छापलेली पत्रं होती. त्याच मातीत पुरलेल्या बाकीच्यांच्या मागे यातलं काही नव्हतं. पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रकरणात तुम्हाला हे दोन वर्ग सापडतील: ज्यांना हलवलं गेलं आणि ज्यांच्यावर हिरवळ घातली गेली. तुमच्या प्रबंधात पहिल्या वर्गाबद्दल चाळीस पानं आणि दुसऱ्याबद्दल एक परिच्छेद होणार, कारण साहित्य तसंच उपलब्ध आहे. हे असंतुलन टाळता येत नसेल तर निदान ते का आहे यावर एक प्रकरण करता येतं.

न्यूयॉर्कला त्यांना असं प्रकरण करावंच लागलं. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलाम आणि मुक्त आफ्रिकनांची अठराव्या शतकातली दफनभूमी लागली. चारशेहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. जागा जुन्या नकाशावर नावानिशी होती. ती 'नंतरच्या बांधकामांत नष्ट झाली असणार' असं गृहीत धरून काम सुरू झालं होतं, आणि प्रत्यक्षात भरावाच्या जाड थरानं ती जपून ठेवली होती. आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी आंदोलन केलं, खोदकाम थांबलं, २००३ मध्ये अवशेष पुन्हा तिथंच पुरले, २००६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. तीही आज सार्वजनिक जागाच आहे. पण तिथं सार्वजनिक हा शब्द आधी वारसांनी भरला, मग नियोजकांनी. होम्स वाचून झाल्यावर लगेच हे प्रकरण वाचा. दोन्हींची सुरुवात जुन्या नकाशापासून होते आणि शेवट दोन वेगळ्या ठिकाणी.

आता भंडारा. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं मुंबई-लंडन कशाला, आमच्या गावात एक छोटं मिशनचं आवार आहे, त्यावर एम.फिल.सारखं छोटं काम करायचं होतं. (एम.फिल. बंद झालं, सवय गेली नाही.) तर भंडाऱ्यात काय आहे ते बघा.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला भंडाऱ्यात होतं. दवाखाना, शाळा, सगळं. १९०० मध्ये स्कॉटलंडात दोन चर्च एक झाली आणि मालकाचं नाव युनायटेड फ्री चर्च झालं. १९२९ मध्ये ते चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळालं. मधल्या काळात, १९२४ मध्ये, इथल्या प्रेस्बिटेरियन आणि इतर मंडळ्यांचं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनलं. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांत मिशनच्या जागेचा मालक कागदोपत्री चार-पाच नावांनी फिरू शकतो, आणि त्यातली निम्मी नावं परदेशातल्या बैठकांत बदललेली. आता यात जमिनीच्या बाजूचे बदल मिसळा. भंडारा मध्य प्रांतात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा. सातबाऱ्यावर आज जे नाव दिसतं ते या सगळ्या वळणांपैकी एका वळणावर अडकलेलं असू शकतं. 'मालक कोण ते स्पष्ट नाही, त्यामुळे जागा दुर्लक्षित' असं वाक्य लिहिणं सोपं आहे. ते नाव कुठल्या वळणावर अडकलं हे शोधून काढणं म्हणजे संशोधन. मिशनची कागदपत्रं एडिनबरोला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, धर्मादाय आयुक्तांकडची नोंद इथं आहे, आणि दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. सार्वजनिक न्यासाची जमीन असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा लांब मुदतीनं भाड्यानं देता येत नाही. पुनर्विकासाच्या कित्येक चकचकीत प्रस्तावांत ही एक ओळ नसते.

मृतांच्या नोंदीचं काय? आपल्या भागासाठी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी केली, नागपूर, १९३२. मद्राससाठी कॉटन यांची १९०५ ची, संयुक्त प्रांतांसाठी ब्लंट यांची १९११ ची, त्याच मालिकेतली ही. मौल्यवान आहे, वादच नाही. पण या याद्यांची निवड बघा. कॉटन आणि ब्लंट यांच्या शीर्षकांतच 'ऐतिहासिक महत्त्वाची' अशी अट आहे. कुणाच्या इतिहासात महत्त्वाची? अधिकारी, सैनिक, मिशनरी, त्यांच्या बायका आणि मुलं. मिशनमध्ये शिकलेली मराठी शिक्षिका, दवाखान्यातला कंपाउंडर, दुष्काळात आलेली अनाथ पोरं, ज्यांच्या नावाचा दगड कधी लागलाच नाही अशी कुटुंबं, ही त्या जाळीतून खाली पडतात. पुढं १९७६ मध्ये लंडनमध्ये बॅक्सा ही संस्था निघाली, दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमी जपण्यासाठी. तिनं खूप काम केलं, पण जाळी तीच राहिली. एलिझाबेथ ब्यूटनर यांचा २००६ चा लेख या सगळ्या स्मरणव्यवहाराची चांगली चिकित्सा करतो आणि तुम्ही तो वाचाच. तरी त्याच्या मध्यभागी राज आणि राजची आठवणच आहे. ज्यांच्यासाठी ही दफनभूमी राजचा अवशेष नाही, तर आजीची जागा आहे, ती माणसं अजून कुणाच्या अभ्यासाच्या मध्यभागी आलेली नाहीत. तुम्हाला रिसर्च गॅप हवी होती ना? ही घ्या.

आणि ही गॅप नुसती शैक्षणिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरच्या एका गावात ख्रिस्ती पाद्री वारले. कुटुंबाला त्यांना गावातच माती द्यायची होती, विरोध झाला, आणि मृतदेह सुमारे तीन आठवडे शवागारात राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. एकांच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन होऊ द्यावं, दुसऱ्यांच्या मते ठरवून दिलेल्या जागीच. देह आणखी पडून राहू नये म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. बस्तर काही आपल्यापासून दूर नाही. आपल्याकडे गावोगाव जातवार स्मशानं आहेत, हेही तुम्हाला मी सांगायची गरज नाही. अशा मुलखात 'दफनभूमी रिकामी आहे' म्हणताना जपून. गावात सन्मानानं मातीला जाण्याची एखाद्या कुटुंबाकडे असलेली ती एकमेव हमी असू शकते. जी जागा पंचवीस वर्षांत चार वेळा वापरली गेली, ती त्या चार घरांसाठी शंभर टक्के वापरात आहे.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती टाळली तर टीका एकतर्फी होईल. दफनभूमीला कुंपण घालून कुलूप लावलं की ती जपली जाते, हा समज खोटा आहे. कुलूपबंद जागेतून आधी लोखंडी जाळ्या जातात, मग संगमरवर, मग कोपरा. लोकांची ये-जा असलेली जागा टिकते. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी आज लोक बघायला जातात, झाडाखाली बसतात, थडगीही जागच्या जागी आहेत. त्याच रस्त्यावरची नॉर्थ पार्क स्ट्रीटची १९५० च्या दशकात पाडली गेली. त्यामुळे 'लोकांसाठी खुली करा' या मागणीला माझा विरोध नाही. ती मागणी कोण करतंय आणि आधी कुणाला विचारलं, एवढाच मुद्दा. इंग्लंडनं १९८१ मध्ये १८८४ चा कायदा सैल केला, बंद दफनभूमीवर बांधकामाला वाट दिली, पण गेल्या पन्नास वर्षांत पुरलेल्या माणसाच्या नातेवाइकानं हरकत घेतली तर ती मान्य करण्याची तरतूद ठेवली. ज्या देशाचं उदाहरण देऊन आपण बागा मागतो, त्या देशात नातेवाइकाला 'नाही' म्हणता येतं. हे वाक्य कुठल्याच सिनॉप्सिसमध्ये मी पाहिलेलं नाही.

भंडाऱ्यात या विषयाचा आणखी एक पदर आहे, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यांत मोठा आहे. गोसेखुर्दच्या पाण्याखाली वैनगंगेच्या काठची गावं गेली. गावाबरोबर मसणवट गेली. पुनर्वसनात ज्या अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात त्यात स्मशानभूमी-दफनभूमी मोडते; म्हणजे नवी जागा शेड आणि ओटा म्हणून मिळते, कामाच्या यादीत 'पूर्ण' अशी खूण होते. जुन्या जागेचं काय, तिथं माती दिलेल्यांचं काय, हे त्या यादीत येत नाही. ख्रिस्ती असो, गोंड असो, लिंगायत असो, पुरणाऱ्या प्रत्येक समाजासाठी हा प्रश्न जळणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे, कारण त्यांची माणसं तिथं *आहेत*. सार्वजनिक जागेच्या अभ्यासकांनी शहरातल्या एक एकर आवाराच्या पुनर्विकासावर प्रबंध लिहावेत आणि धरणाखालच्या दफनभूमींवर कुणी काही लिहू नये, हे मला विचित्र वाटतं. जलाशय हाही जमिनीचा पुनर्विकासच आहे, फक्त त्याला हिरवळ नसते.

तर मग होम्स वापरायची कशी? तिचे निष्कर्ष सोडा, तिची चाल घ्या. तिच्याकडे रोकचा नकाशा होता, तुमच्याकडे भूमी अभिलेख कार्यालयातला जुन्या बंदोबस्ताचा गावनकाशा आहे आणि विदर्भाची खास चीज म्हणजे निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये ते आहे: गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीचं व्यवस्थापन कसं करायचं याची मांडणी. चराई कुठं, जळण कुठून, मेलेलं जनावर कुठं टाकायचं, माणूस कुठं पुरायचा. वाजिब-उल-अर्ज त्याच्या शेजारी ठेवून वाचा, तिथं रूढी आणि वाटांचे हक्क मिळतात. दफनभूमीपर्यंत जाणारी पाऊलवाट कुणाच्या शेतातून जाते हा प्रश्न कित्येकदा दफनभूमीपेक्षा जास्त भांडणाचा असतो. आणि त्याच संहितेचं कलम २२ काढा. त्यात जिल्हाधिकाऱ्यांनी कशाकशासाठी जमीन राखून ठेवता येते त्याची यादी आहे. गुरचरण, गावठाण, बाजार, दफन किंवा दहनभूमी, आणि पुढं उद्यानं, सगळं एकाच वाक्यात. राखून ठेवलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. कायद्याच्या नजरेत दफनभूमी आधीपासून 'सार्वजनिक प्रयोजन' आहे, बागेच्या बरोबरीनं. तिला सार्वजनिक 'करायची' गरज नाही. तुमच्या शीर्षकात 'सार्वजनिक जागेत रूपांतर' असं असेल तर तिथूनच सुधारणा सुरू करा, नाहीतर व्हायवामध्ये कुणीतरी महसूल खात्यातून आलेले परीक्षक पहिल्याच प्रश्नाला तुम्हाला अडवतील.

यादीचे रकाने बदला. क्षेत्रफळ आणि सद्यस्थिती ठेवा, त्याच्या पुढं लिहा: शेवटची माती कधी, शेवटची भेट कधी, भेट देणारं घर आज कुठल्या गावात, वाट कुणाच्या शेतातून, दगड नसलेल्या जागा किती आणि त्या कुणाला ओळखता येतात. शेवटचा रकाना भरायला तुम्हाला म्हातारी माणसं लागतील, आणि ती थांबणार नाहीत. त्यामुळे आर्काइव्ह नंतर, माणसं आधी. ज्या घरातल्या मृताबद्दल विचारताय त्या घरी आधी कळवून जा. रेकॉर्डर बाहेर काढायची घाई नको, आणि नावं प्रबंधात छापायची की नाही हे त्यांना विचारा, गाईडना नाही.

निस्तार पत्रकाची नक्कल मागताना अर्जात गावाचं नाव, तालुका आणि जुना बंदोबस्त क्रमांक तिन्ही लिहा. १९९९ च्या आधी भंडाऱ्यात असलेलं आणि आता गोंदियात गेलेलं गाव असेल तर दोन्ही जिल्ह्यांत विचारावं लागतं. गावाचं नाव जुन्या कागदांत वेगळ्या स्पेलिंगनं असतं, तेही शेजारी लिहून द्या. पहिल्या फेरीत 'मिळत नाही' असं उत्तर येईल. ते लेखी मागून घ्या आणि फाइलला लावा.